परवानगी चार क्रुसांची

बलद या जुन्या अरबी वस्तीतल्या नव्या संग्रहालयात जर्मनीहून ल्यूथरन चर्चमधली जुनी चित्रं प्रदर्शनाला आली. परवानगीच्या कागदात प्रत्येक चित्रातले क्रूस मोजून लिहिले होते. सात नंबरच्या चित्रापुढे आकडा होता चार. क्रुसांना कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती आकडा चुकण्याला.

इस्मत रत्नागिरीची, जुनी चित्रं दुरुस्त करणारी. पेटी उघडल्यावर ‘चित्र निघालं तसंच पोचलं’ अशी सही तिने द्यायची. तिचा करार अजून कच्चा होता. तो मोडला की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला, आणि लेकीची, मेहेकची, दहावीची परीक्षा तर तीन आठवड्यांवर. पोरीला ऐन वेळी उचलून गावी न्यायचं, या विचाराने हल्ली तिला एका जागी बसवत नसे.

सात नंबरचं चित्र चारशे वर्षांपूर्वीच्या एका कुटुंबाचं. आईबाप आणि पाच मुलं, काळे कपडे, पांढऱ्या झालरीच्या गळपट्ट्या, उशांवर गुडघे टेकून हात जोडलेले. त्या लोकांची रीत अशी, की जिवंत आणि मेलेले एकाच रांगेत बसवायचे. मेलेल्याच्या डोक्यावर तेवढा नखाएवढा लाल क्रूस.

इस्मतने क्रूस मोजले. पाच भरले.

जर्मनीत पेटी भरताना काढलेल्या फोटोत चारच होते. पाचवा सगळ्यात धाकट्या मुलीच्या डोक्यावर. आणि पेटीचं सील इस्मतने स्वतःच्या हाताने तोडलं होतं.

तिने उस्मानचाचांना बोलावलं. चाचा श्रीवर्धनचे, संग्रहालयाचे कागद सांभाळण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेलेली. त्यांनी चित्राकडे पाहिलं नाही, कागदाकडे पाहिलं.

“नीट मोजलंस काय, बाय?”

“तीनदा.”

“मग चौथ्यांदा मोज, आणि चार मोज. परवा उद्घाटन. पाच म्हटलं की चौकशी, आणि चौकशीत पयला तुझा करार खलास.”

जुनं चित्र पुसायला कापसाच्या बोळ्याला थुंकी लावतात. जगभरच्या मोठमोठ्या संग्रहालयांत हेच चालतं, फक्त पाहुण्यांना सांगत नाहीत. चारशे वर्षांचा तेलरंग थुंकीने हलत नाही. क्रूस हलला नाही तर तो मुळातलाच, आणि खोट फोटोत, असा इस्मतचा सरळ हिशेब. तिने बोळा टेकवला.

एका फेऱ्यात क्रूस निघून आला. रंग ओला होता.

“बघ, झालं की नाय?” चाचा म्हणाले. “उद्या सकाळी सही कर. यल्ला, चल.”

सकाळी दहाला तिने दालन उघडलं. क्रूस चार होते.

मुलं चार होती.

धाकटी नव्हती. तिची उशी होती, आणि उशीत दोन गुडघ्यांचे खळगे. मागची काळी भिंत आता तिच्या जागीही दिसत होती. इस्मतने भिंग लावलं. कुणी वरून रंगवलं असतं तर तिला पाच मिनिटांत कळलं असतं. पण भिंतीवर जुन्या रंगाच्या बारीक भेगा सलग होत्या, मुलगी जिथे होती तिथूनही सलग. चारशे वर्षांच्या.

“चाचा, मुलगी गेली.”

“कंची मुलगी?”

तिने फोटो पुढे धरला. चाचांनी फोटो पाहिला, चित्र पाहिलं. मग बराच वेळ चष्मा पुसला.

“कागदात माणसं मोजायला कुठं सांगितलंय?” शेवटी ते हळूच म्हणाले. “क्रूस चार. चारच हायत. तुझ्या पोरीची परीक्षा कधी गं?”

इस्मतने सही केली. ‘बदल : नाही.’ चाचांनी कागद उचलला आणि मागे न पाहता निघून गेले.

तिने मान वर केली.

चित्रातली आई काल आपल्या जोडलेल्या हातांकडे पाहत होती. आता ती इस्मतकडे पाहत होती. रागाने नाही. शाळा सुटल्यावर फाटकापाशी एक आई दुसरीकडे पाहते ना, ‘माझी दिसली का हो?’ तशी.

इस्मतने मेहेकला फोन लावला. अभ्यासाची सुट्टी होती. ती घरीच असायला हवी. चार रिंगा गेल्या.

“हां अम्मी? मॅथ्स कर रही हूँ.”

“एकटीच आहेस ना?”

“और कौन होगा? क्या हुआ?”

“काही नाही. कडी लाव.”

तिने कॉल संपवला. तिने पुन्हा वर पाहिलं.

आई आता तिच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती. नजर थोडी खाली होती, इस्मतच्या हातातल्या मोबाइलवर, आणि पडद्यावर अजून मेहेकचा फोटो होता.