तुझ्या जागी कोण

आयुष दुसऱ्या शिफ्टला म्हणून मोटरसायकल काढून चाकणला निघाला, तो कंपनीत पोचलाच नाही. फोन बंद. चौकीतला हवालदार म्हणाला, "तरणाताठा पोरगा आहे ताई, येईल." कासारवाडीच्या घरी त्याची आई कस्तुराबाई दारातून हलेना. बहीण मैत्री मात्र तिसऱ्या दिवशी दुपारी माणच्या आपल्या ऑफिसात जाऊन बसली. घरात आईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

इंटरनेटवर नुसतं नाव शोधलं की जगातले सगळे आयुष येत. शेजारच्या खुर्चीवरचा सिद्धेश हळूच म्हणाला, "अख्खं वाक्य अवतरणचिन्हांत टाक. जे माहीत नाही तिथं स्टार दे. त्या जागी काहीही असलं तरी शोधून देतं."

तिनं लिहिलं: "आयुष * सापडला".

एकच निकाल आला. पांढरंफटक पान, ना वर्तमानपत्राचं नाव, ना तारीख. मधोमध एक ओळ : आयुष मोशीच्या जुन्या दगडखाणीत जिवंत सापडला.

"सापडला? अगं, पण कुणाला?" सिद्धेशनं विचारलं. मैत्री तोवर जिन्यात पोचली होती.

तो तिथंच होता. कपारीत, काळ्या पाण्याच्या हातभर वर. पाय मोडलेला, ओठ फुटलेले. धुगधुगी तेवढी होती. काठावर चिटपाखरू नव्हतं. वरच्या रस्त्यावर कंटेनर धडधडत होते, पण खाली उतरल्यावर त्यांचा आवाज एकाएकी बंद झाला. नुसता शेवाळाचा कुबट वास… आणि गारठा.

संध्याकाळी दवाखान्यात, चौथ्या मजल्यावर, आई त्याच्या केसांतून हात फिरवत बसली. ती ओळ लिहिणाऱ्याचे उपकार मानावेत म्हणून मैत्रीनं व्हरांड्यात जाऊन मोबाइलवर ते पान पुन्हा उघडलं.

ओळ बदलली होती.

* मोशीच्या जुन्या दगडखाणीत सापडली.

आयुषचं नाव गेलं होतं. 'जिवंत' हा शब्दही. आणि 'सापडला'चं 'सापडली' झालं होतं.

ती धावत खोलीत आली. आयुष टक्क जागा होता.

"ताई… खाली कुणीतरी होतं. दिसायचं नाही. सारखं विचारायचं… तुझ्या जागी कोण… तुझ्या जागी कोण…"

"मग?"

"मी तुझं नाव नाही घेतलं ताई," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून हुंदके देऊ लागला.

आईचं स्टूल रिकामं होतं.

"सिस्टर, आई कुठंय?"

"आत्ताच खाली गेल्या की. मुलगा हाका मारतोय म्हणाल्या." सिस्टरनं तिच्याकडे जरा नवलानं पाहिलं. "तुम्हाला अजून एक भाऊ आहे का?"