गीझरमधलं गार पाणी

"झडती घ्या हिची! आत्ताच्या आत्ता!"

फौजदारबाई दुसऱ्या मजल्यावर पोचल्या तेव्हा फ्लॅटच्या दारात एक बाई दुसरीचा दंड आवळून उभी होती. आवळणारी म्हणजे सुट्टीवर आलेल्या कुटुंबातली मधली बहीण. दंड होता रोज टॉवेल बदलायला आणि फरशी पुसायला येणाऱ्या सफाईवालीचा.

"आधी हात काढा," फौजदारबाई म्हणाल्या. "तिला पळायचंच असतं तर माझी वाट बघत थांबली असती का?"

हात निघाला. दंडावर चार बोटं उमटली होती.

झालं होतं ते एवढंच. धाकटी बहीण नर्स. तिला परदेशातल्या हॉस्पिटलात नोकरी लागलेली, शनिवारी दुपारी विमान. आज गुरुवार. जाण्याआधी चार दिवस सगळ्यांनी समुद्रावर काढावेत म्हणून हा फ्लॅट घेतलेला, आणि ती इथूनच परस्पर विमानतळावर जाणार होती. तिच्या पर्समधलं पासपोर्टाचं पाकीट सकाळी दहा ते दुपारी दीडच्या मधे नाहीसं झालं. तेवढ्या वेळात फ्लॅटमध्ये बाहेरचं एकच माणूस येऊन गेलं होतं. मग काय, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"मी नाही घेतलं, बाई," सफाईवाली म्हणाली. "पण फ्लॅटच्या मालकीणबाईंनी तुमच्याआधी गल्लीतल्या सात घरांना फोन केले. साती फ्लॅट मीच साफ करते. चौघांनी कळवलंपण, उद्यापासून येऊ नको. दोन महिन्यांचा हंगाम असतो, त्यावर मी वर्ष काढते. माझं नाव गेलं की संपलंच."

"चोराच्या उलट्या बोंबा," मधली म्हणाली.

"तुम्ही बोलू नका. मी विचारीन तेव्हा बोला."

फ्लॅट बेताचाच. दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅस, सहा ताटं, सहा वाट्या. जाहिरातीत 'समुद्र दिसतो' म्हटलं होतं. दिसायचा, बाथरूमच्या खिडकीतून, स्टुलावर चढलं तर. मधलीने तीन महिने खपून ही सहल आखली होती. फ्रिजवर रोजच्या जेवणाची यादी, बाथरूमच्या दारावर आंघोळीच्या पाळ्या. पाळ्यांखाली लाल शाईत: 'गरम पाणी दोन बादल्याच. मग तासभर थांबणे.' दाराबाहेर आकडे जुळवून उघडायची छोटी पेटी, तिच्यात चावी. आकडा घरच्या पाचजणांना, घरमालकिणीला आणि सफाईवालीला ठाऊक.

हवालदाराने एव्हाना सगळ्या बॅगा उपसल्या होत्या. काही मिळालं नव्हतं.

फौजदारबाईंनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. डोक्यावर एक पंखा, तोही कुरकुरणारा. उकाड्याने जीव नकोसा झाला होता. थोरला भाऊ अर्ध्या चड्डीत पाय पसरून बसला, वहिनी वर्तमानपत्राने वारा घेत होत्या, आईने गुडघ्यापर्यंत साडी वर ओढून घेतली होती. मधली मात्र मोजेबिजे घालून नीटनेटकी, भिंतीला टेकून उभी. खरकटी ताटं तशीच पडलेली, त्यांत मासळीचे काटे आणि ब्रेडच्या कडा.

"पर्समधून आणखी काय गेलं?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"काहीच नाही. सोन्याचे कानातले होते, ते आहेत."

"कानातले ठेवून पासपोर्ट नेणारा चोर मी अजून पाहिला नाही. तुम्ही कुठे होता?"

"समुद्रावर, जीवरक्षकांच्या तंबूत. परवापासून जेलीफिश आलेत. दोन मुलांना डसले होते, त्यांचे पाय गरम पाण्यात धरून बसले होते. नर्सला सुट्टी कसली?"

"आणि तुम्ही?"

थोरल्याच्या कपाळाला आठी पडली. "मी अकराला मासळी आणायला गेलो, साडेबाराला परत वाळूवर आलो."

"दीड तास?"

"घासाघीस करत होतो. गुन्हा आहे का तो?"

"धाकटीने जावं असं वाटतं तुम्हाला?"

"मला कुणी विचारतं का या घरात?"

"मी सांगते ना!" वहिनींनी वर्तमानपत्र आपटलं. "ती जाऊ नये असं मला वाटतं, आणि तोंडावर सांगते. आजवर सासूबाईंचं तिनेच केलं. पण आमच्या दोन खोल्यांत त्यांना ठेवू कुठे? म्हणून वन्संकडे राहतील, असं ठरवून टाकलं. या मधल्या वन्संकडे. मी मात्र दहापासून एकपर्यंत सासूबाईंपाशी छत्रीखाली होते. हललेसुद्धा नाही."

"हललीस की नाही मला काय ठाऊक?" आई म्हणाली. "माझा डोळा लागला होता."

"बघा! म्हणजे आता मी चोर!"

"तुमच्या वन्सं कुठे होत्या?"

"साडेअकराला गाडी ठरवायला गेल्या, शनिवारची. चपला हातात घेऊन पाण्याच्या कडेकडेने. रस्त्यापेक्षा जवळ पडतं. एक वाजता फाटकापाशी भेटल्या त्या हातात ब्रेड घेऊन! फ्रिजवर बघा, आज भात लिहिलाय. एक कांदा जास्त चिरला तर आम्हाला बोलणी बसतात, आणि आज स्वतः विकतचा ब्रेड! मी मासे धुताधुता म्हटलं, तांदूळ टाकू का? तर माझ्यावर खेकसल्या."

"उशीर झाला होता," मधली म्हणाली. "भुका लागल्या होत्या सगळ्यांना."

"गाडी ठरवायला दीड तास?"

"रांग होती."

"पाण्यात पाय घातला होता?"

"छे. मला खारं पाणी सोसतच नाही."

आईला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिने आपणहून तोंड उघडलं.

"चोरीचं मला काही कळत नाही. पण असल्या फ्लॅटला पुन्हा पाय लावणार नाही, एवढं लिहून घ्या. आल्याबरोबर आंघोळीची पहिली पाळी माझी. बादली नळाखाली सुलटी होती, म्हटलं बरं झालं, वाकायला नको. गरम नळ सोडला तर पाणी गारढोण! सकाळी नऊनंतर कुणी आंघोळ केलेली नाही, चार तासांत पाणी तापू नये?"

दारात उभ्या असलेल्या घरमालकिणीला हे झोंबलं. "माझ्या गीझरला नावं ठेवू नका! टाकी लहान आहे, पण तासाभरात चटका बसेल असं पाणी देते."

फौजदारबाई उठल्या. बाथरूममध्ये जाऊन त्यांनी गरम नळाखाली बोट धरलं आणि झटकन मागे घेतलं. गीझरला काही झालं नव्हतं. त्या बाहेर आल्या त्या सफाईवालीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तू आज इथं किती वाजता होतीस?"

"अकराला आले, पावणेबाराला गेले."

"गरम पाणी वापरलंस?"

"त्या नळाला हात लावायची परवानगी नाही मला. मालकीणबाईंचा नियम आहे. आणि जाताना बादली पालथी घालून जायची, हाही नियम."

"आज घातलीस?"

"सहा वर्षं घालतेय."

"घातली असणार," घरमालकीण नाखुशीने म्हणाली. "सुलटी दिसली तर मी सोडत नाही तिला."

"पावणेबारानंतर ही कुठे होती?"

"खाली. माझ्या घरात. एकपर्यंत चादरींना इस्त्री करत होती."

"तुमच्या डोळ्यांसमोर?"

"हो."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"मला विचारलं कुणी? पाहुण्यांनी वाईट शेरा लिहिला तर उद्या माझ्याकडे कुत्रं फिरकणार नाही."

"वा!" फौजदारबाई म्हणाल्या. त्या एका शब्दाने घरमालकीण एक पाऊल मागे सरली.

मग त्यांनी खुर्ची पंख्याखाली ओढली.

"ऐका आता. पाकीट कुणी नेलं ते बाजूला ठेवा. मला आधी हे सांगा, पाणी कुणी वापरलं?"

वहिनींनी पुन्हा वर्तमानपत्राने वारा घ्यायला सुरुवात केली.

"नऊला शेवटची आंघोळ झाली. दहाला तुम्ही गेलात. एक वाजता टाकी गरम असायला हवी होती, ती रिकामी झाली होती. बादली पालथी असायला हवी होती, ती सुलटी होती. म्हणजे पावणेबारा ते एकच्या मधे कुणीतरी इथं येऊन गेलं. पेटीचा आकडा माहीत असलेलं, पण बादलीचा नियम माहीत नसलेलं. ही बाई तेव्हा खाली इस्त्री करत होती. उरला कोण? तुमच्यापैकीच एकजण. ज्याने पाणी वापरलं त्याने सरळ सांगून टाकावं की. पाणी वापरणं काही पाप नाही. पण तीन तास झाले, सगळे मिठाची गुळणी धरून बसलात. का? कारण मी आलो होतो म्हटलं, की पाकिटापाशी एकटा होतो हेही आलंच."

"पण भर दुपारी गरम पाण्याने आंघोळ करील कोण?" थोरला म्हणाला. "एवढ्या उकाड्यात?"

"कुणीच नाही. आंघोळ झालेलीच नाही. भर उन्हात कडक पाण्याची गरज या गावात सध्या एकाच माणसाला पडते." त्या धाकटीकडे वळल्या. "मघाशी तुम्ही काय सांगितलंत? डसलेल्या मुलांचे पाय कशात धरले होते?"

धाकटीचा चेहरा उतरला. तिने बहिणीकडे पाहिलं.

"सगळ्यांनी पाय पुढे करा," फौजदारबाई म्हणाल्या. "मोजे काढून."

मोजे एकीच्याच पायात होते.

"माझ्या टाचांना भेगा आहेत," मधली म्हणाली.

"असू देत. मला भेगांचं वावडं नाही."

मधलीने उजवा मोजा काढला. घोट्यापासून बोटांपर्यंत चाबूक ओढल्यासारखे लालभडक वळ उठले होते. वहिनींच्या हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं.

"पाण्याच्या कडेने निघालात, तिथेच डसला. बहिणीने उपाय सांगून ठेवलेला असणारच. इथं आलात, बादलीत पाय घालून बसलात, पाणी निवलं की नवं घेतलंत. त्यात टाकी संपली. इथवर तुमचं काही चुकलं नाही. नंतर पाकीट घेतलंत. आणि ज्या बाईने जेवणाची यादी करून फ्रिजवर लावली, तिने आज स्वतःचीच यादी मोडली. शेजारी वहिनी मासे धूत उभ्या, त्यांच्यासमोर तांदळाचा डबा उघडायची सोय नव्हती. हवालदार, डब्यात हात घाला. नुसतं झाकण काढून बघू नका."

हवालदाराने कोपरापर्यंत हात घातला. पाकीट निघालं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. धाकटीने ते ओढून घेतलं, उघडून पाहिलं आणि छातीशी धरून रडायला लागली.

"ताई, तू? अगं, विमानाच्या तिकिटापासून सगळं तूच केलंस ना!"

"केलं! मीच केलं!" मधलीचा आवाज चिरकला. "मला तुला अडवायचं नव्हतं गं. पाय नुसता पेटला होता. अर्धा तास बादलीत पाय घालून बसले, आणि उघड्या दारातून समोर खुंटीला तुझी पर्स. तू गेलीस की आई माझ्याकडे. आई आली की माझी नोकरी सुटली. सगळ्यांनी चहा पिता पिता ठरवून टाकलंत. मधली समजूतदार आहे म्हणे! मला हो की नाही, एका शब्दाने तरी विचारलंत?"

"आणि मला?" आई म्हणाली. "मी काय सतरंजी आहे, हिच्याकडून उचलून तिच्याकडे टाकायला? मला विचारलंत?"

थोरला खाली मान घालून बसला.

"तक्रार द्यायची का?" फौजदारबाईंनी धाकटीला विचारलं. "दिलीत तर हे पाकीट मुद्देमाल म्हणून माझ्याकडे जमा होईल. कोर्टाने सोडल्यावर मिळेल. शनिवारी नाही."

धाकटीने डोळे पुसले. ती बहिणीकडे बघेना. "तक्रार नाही," ती म्हणाली. "पण शनिवारी मला पोचवायला ही नको."

"झालं. मिटलं म्हणायचं," घरमालकीण म्हणाली.

"तुमचं मिटलं," सफाईवाली म्हणाली. इतका वेळ ती भिंतीपाशी उभी होती. "माझं काय?"

मधलीने हात जोडले. "चुकलं माझं. माफ कर."

"माफी इथं नको. इथं सगळ्यांना कळलंय. सात घरी मी चोर आहे. सात घरी चला."

"आत्ता? अहो, माझ्याने पाय टेकवत नाही."

"माझा दंड धरताना टेकवत होता."

वहिनी काहीतरी बोलणार होत्या. फौजदारबाईंनी नुसतं बोट वर केलं. "तिचीही तक्रार होऊ शकते, बरं का. अंगावर हात टाकल्याची, खोटा आळ घेतल्याची. ती मी आनंदाने लिहून घेईन. मालकीणबाई, तुम्हीही निघा. फोन तुम्ही केले होते."

चौघी जिना उतरल्या. मधली कठड्याला धरून, एकेक पायरी. सुजलेला पाय चपलेत शिरेना, म्हणून अनवाणीच. उन्हाने रस्ता तापला होता. कुणी तिला हात दिला नाही, आणि तिनेही मागितला नाही.

पहिलं घर तिसऱ्या फाटकात होतं. सफाईवालीने बेल दाबली आणि बाजूला सरली.

दार उघडलं. आतली बाई सफाईवालीला बघून उखडलीच. "तुला निरोप मिळाला नाही? आणि मालकीणबाई, तुम्हीच फोन केलात ना? मग या चोरटीला घेऊन माझ्या दारात कशा आलात?"

घरमालकीण दुसरीकडे बघू लागली. फौजदारबाईंनी मधलीकडे पाहिलं. सफाईवालीनेही.

मधली लंगडत पुढे झाली.

"चोर ती नाही," ती म्हणाली. "मी."