अर्धी कमान

मी उजव्या हाताने जेवत नाही. चमच्याने जेवतो, तोही डाव्या हातात धरून. लोक विचारतात, लकवा मारला का? नाही. हात धड आहे. पूर्वी होता त्यापेक्षा धड आहे. तेच तर सांगायचं आहे. एकदाच सांगेन. मधे बोलू नका.

त्या गुरुवारी मी मुठ्याहून भुकूमला गेलो होतो. छिन्न्यांना धार लावून आणायची होती. मी कोंडाजी, गवंडी. बाप गवंडी, आजा गवंडी. शाळा चौथीपर्यंत. लोहाराकडे बसलो होतो तेवढ्यात इंद्रजितची गाडी थांबली. इंद्रजित म्हणजे तिथल्या जमीनदार हैबतरावांचा नातू. निम्मी जमीन बिल्डरला दिली, उरलेल्या निम्म्यावर लग्नाचं लॉन करतोय.

"आबा, बसा गाडीत. तुमच्याच हातचं काम हाय."

त्याच्या बंगल्यावरून पुढं गेलो. तो बंगला बघितला की मला शिसारी येते. पुढं रोमन खांब, वर राजस्थानी छत्री, खाली इटलीची फरशी. खांबावर टिचकी मारली की पोकळ वाजतो.

बंगल्यामागच्या माळावर जुनी कमान आहे. देशमुखाच्या गढीची. गढीचे दगड लोकांनी कधीच गोठ्यांना नेले. कमान तेवढी राहिली, कारण ती कुणाला सोडवता आली नाही. दोन पुरुष उंच, वर पिंपळपानासारखं टोक. मुलूख विजापूरच्या बादशहाचा होता तेव्हाची. देशमुख इथला, चाकरी तिकडची.

"लग्नाची माणसं हिच्याखालनं आत येणार," इंद्रजित म्हणाला. "पण हे टोक नको. ही त्यांची कमान हाय."

"कुणाची?"

"आता तुमी मला विचारताय व्हय? आपल्या लोकांचं असं टोक असतंय का? वरचं समदं उतरवायचं. तितं फायबरचा गड बसवायचा. बुरूज, तलवारी, दोन हत्ती."

"आन् तुझ्या बंगल्याचे खांब कुठल्या मावळ्यानं घडवले रं?"

"ते डिझाईन हाय, आबा." तो हसला.

मी हसलो नाही. "कमान आमच्या हातची हाय. आमच्या मूळपुरुषानं बांधलीय."

"प्रत्येक पंगतीत सांगता तुमी. जिलबी वाढंपर्यंत सांगता. खूण दाखवा की एकदा."

खुणेचं असं आहे. जुने गवंडी कमान दोन बाजूंनी चढवत आणायचे. डावीकडून एक मिस्त्री, उजवीकडून एक. वर मधल्या दगडापुरती फट उरली की दोघांनी आपापल्या बाजूच्या ओल्या चुन्यात उजवा पंजा उमटवायचा, समोरासमोर. मग मधला दगड बसवायचा. याला हात देणं म्हणायचे. एका बाजूची कमान उभी राहत नाही. दोघांनी एकमेकांवर रेलायचं असतं, म्हणून हात.

आणि आमच्या घरात पुरुषाची उजवी करंगळी वाकडी. वरचं पेर आत वळलेलं, कोयत्यासारखं. आजाची तशी, बापाची तशी, माझी तशी, माझ्या शैलेशची तशी. आम्ही ती लपवत नाही. अस्सल मावळातलं रक्त म्हणून मिरवतो.

इंद्रजित म्हणाला, "मधला दगड काढा. वाकडी करंगळी निघाली तर कमान हाय तशी ठेवतो. वर तुमच्या घराण्याची पाटी लावतो, दगडाची. न्हाई निघाली तर..."

"न्हाई निघाली तर मीच पाडीन," मी म्हणालो.

शनिवारी काम धरलं. सोबत सावळ्या होता. वरच्या वाडीतला माणूस, तीस वर्षं माझ्या हाताखाली. आम्ही कमानीखाली लाकडी साचा उभारला, सगळा भार त्याच्यावर घेतला. बारा वाजता मी परांचीवर चढलो. ऊन लख्ख होतं. बंगल्याकडे कुणीतरी फरशी कापत होतं, त्याचा आवाज येत होता. मी मधल्या दगडाच्या सांध्यात पहार घातली आणि आवाज थांबला. फरशीचाही, पाखरांचाही.

दगड हलला. आतून वास आला.

जुन्या चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी, तागाचे धागे घालत. मला ठाऊक आहे, मी बापाबरोबर चुन्याचा घाणा फिरवलाय. पण चारशे वर्षांचा चुना दगडाहून कडक असतो. त्याला वास नसतो. हा वास नासलेल्या गुळाचा होता. त्यात बाळाने ओकलेल्या दुधाचा आंबूस वास मिसळलेला.

"मिस्त्री... काय मेलंय का वर?" खालून सावळ्या म्हणाला.

"दोर ओढ तू."

मधला दगड निघाला. आम्ही तो दोराने खाली सोडला. सावळ्या परांचीवर आला. फटीच्या दोन्ही बाजूंना चुना होता. ओला. कालच लावल्यासारखा. त्यातून केसांसारखे धागे बाहेर आले होते आणि त्यांच्या टोकांवर पिवळट थेंब धरत होते.

डावीकडे पंजा. सरळ बोटं. वर चंद्र-सूर्य कोरलेले, आमच्या गावच्या वीरगळावर असतात तसे.

उजवीकडे पंजा. करंगळी वाकडी. वरचं पेर आत वळलेलं.

माझा ऊर भरून आला. कोंडाजी, पाटी लागली, मी मनात म्हणालो. मग करंगळीच्या वर बघितलं. तिथं ओळभर अक्षरं होती. दर्ग्याच्या दारावर असतात तशी. उजवीकडून डावीकडे वाहणारी.

मला ती वाचता येत नाहीत. वाचायची गरज नव्हती. विजापूरहून आलेला मिस्त्री होता तो. इथं आला, कमान बांधली, इथंच राहिला, इथलीच बायको केली. आणि पुढं कधीतरी आम्ही झालो.

सावळ्या पंज्याकडे बघत होता. मग त्याने माझ्या हाताकडे बघितलं. "मिस्त्री, ही करंगळी तर..."

"गप."

"चांगलंच हाय की ह्ये. कमान वाचली. तुमचीच हाय."

"गप म्हणलं ना!"

चौऱ्याहत्तर वर्षं मी ज्या तोंडाने सांगत आलो, त्याच तोंडाने आता काय सांगणार होतो? इंद्रजित गावभर करणार होता. पंगतीत पोरं हसणार होती. मला त्या अक्षरांची किळस आली. खोटं कशाला बोलू. आली.

चुना ओला होता. पुसला की झालं. मी उजवा हात लावला.

पंजा पंज्यात बसला. बोटाला बोट. करंगळी त्या वळणात अशी गेली, जशी म्यानात... आणि आतून दाब आला. कोमट. धरलेला हात कसा आपण किंचित दाबतो, तसा. त्यात राग नव्हता. ओळख होती. कामावर उशिरा आलेल्या भावाला धरावं तसं धरलं मला.

मी ओरडलो नाही. मी हात फिरवला. एकदा, दोनदा. तळहाताखाली चुना सायीसारखा सरकला. बोटं गेली, अक्षरं गेली. शेवटपर्यंत करंगळी राहिली होती. ती मी अंगठ्याने दाबून मोडली.

आतून काहीतरी सोडल्यासारखं झालं. फरशी कापायचा आवाज परत सुरू झाला.

सावळ्या उतरून गेला होता. आपली पहार, डबा, सगळं उचललं त्याने. जाताना म्हणाला, "बापाच्या तोंडाव हात फिरवला तुमी, मिस्त्री." परत आला नाही तो. फोनही उचलत नाही.

तिसऱ्या प्रहरी इंद्रजित आला. "काय आबा, करंगळी?"

"न्हाई," मी म्हणालो. "डावा हात इथल्याचा हाय. उजवा... काय उमटलंच न्हाई. पाड."

"मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. आवाजात मजा होती.

सावळ्या नव्हता, म्हणून सोमवारी बाहेरची पोरं आणली त्याने. उजव्या बाजूने दगड उतरवायला सुरुवात केली. संध्याकाळी पाचपर्यंत उजवी बाजू साफ झाली. डावी बाजू साच्यावर टेकून होती, ती मंगळवारी उतरवायची होती. मी लांब दगडावर बसून बघत होतो. हात धुवत होतो. सकाळपासून धुवत होतो. राखेने, मातीने, लिंबाने. नखांत पांढरं परत भरायचं.

माती भरायला आलेल्या जेसीबीचा धक्का साच्याला लागला. साचा कडकडला आणि बसला. "भागो!" पोरं ओरडली. सगळे पळाले. धूळ उडाली.

धूळ खाली बसली. कमान पडली नव्हती.

डावी बाजू तशीच उभी. पायापासून वर गेलेली, पुढं झुकलेली, आणि टोकाशी तुटलेली. खाली साचा नाही, टेकू नाही. समोर मोकळी हवा. सात मोठे दगड हवेवर रेलून उभे. मी पन्नास वर्षं कमानी बांधल्या. असं होत नाही. समोरून कुणी धरल्याशिवाय होत नाही.

इंजिनीअर आला, मोबाईलवर फोटो काढले, चुन्याची पकड म्हणाला आणि घाईने गेला. फायबरचे हत्ती अजून कागदात गुंडाळून पडलेत. इंद्रजितने कमान तशीच ठेवली. लोक फोटोला येतात. जोडपी त्या तुटक्या टोकाखाली उभी राहतात. तिथं जमिनीवर कायम ओलं असतं. वर काही नाही, तरी थेंब पडतो. नव्या नवरीच्या शालूवर पडला तर डाग जात नाही.

एकदा सकाळी मी एकटा गेलो. शिडी लावली. मधल्या रिकाम्या जागेत, जिथं उजव्या बाजूचा दगड होता तिथं, हवेत हात दिला. माफी मागायला नव्हतो गेलो. मी कुणाची मागत नाही. नुसता हात दिला. बराच वेळ धरला.

कुणी धरला नाही.

उतरलो तेव्हा तळहात ओला होता आणि तोच वास होता. दुसऱ्या दिवशी उठलो. मिशीवर हात फिरवताना काहीतरी वेगळं लागलं. उजेडात नेऊन बघितलं. करंगळी सरळ होती. दुखली नाही, सुजली नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचं वळण रात्रीत गेलं. कुणीतरी आपली वस्तू परत नेल्यासारखं.

गेल्या रविवारी शैलेश आला होता. भूगावला फ्लॅट आहे त्याचा. पानावर बसला. पहिला घास घेतला. मी त्याच्या उजव्या हाताकडे बघत होतो. पाची बोटं सरळ. त्याच्या लक्षात आलेलं नाही. मी सांगितलं नाही.

दुसरा घास तोंडाशी नेताना तो थांबला. बोटं नाकाशी नेली. हुंगली.

"आबा," तो म्हणाला, "घरातला गूळ नासलाय का?"