अर्धा सेकंद उशीर

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण हे ज्यांनी पाहिलं ते माझे वडील आहेत, आणि त्यांना थापा मारता येत नाहीत. आई त्यांना एका मिनिटात पकडते.

सहा वर्षांपूर्वीची नोव्हेंबरमधली दुपार. सव्वातीन वाजलेले. जंगलातला मातीचा रस्ता, बावीस किलोमीटरचा. मोटारींच्या रॅलीचा शेवटचा टप्पा.

गाडी चालवत होते दाजी, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. वय छप्पन्न. शेजारी वही घेऊन बाबा. रॅलीत शेजारचा माणूस पुढचं वळण आधीच वाचून दाखवतो आणि चालवणारा त्याच्या भरवशावर गाडी फेकतो. दोघांच्या हेल्मेटमध्ये फक्त एकमेकांशी बोलायचे हेडफोन. इंजिनच्या गोंगाटात दुसरं काही ऐकूच येत नाही.

बाबांच्या आधी त्या सीटवर दाजींचा जिवलग दोस्त बसायचा. तो याच रस्त्यावर गेला होता. गाडी झाडावर आदळली, त्याच्याच बाजूने. दाजींना खरचटलंसुद्धा नाही.

ब्रेक फेल झाले, असं दाजींनी सांगितलं. सगळ्यांनी मान्य केलं.

त्या काळात दाजींचा पाय ब्रेकवर उशिरा पडायचा. फक्त अर्धा सेकंद. पण शंभरच्या वेगात अर्धा सेकंद म्हणजे चौदा मीटर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं. आत्याने तर किल्ली पिठाच्या डब्यात लपवून पाहिली.

"दाजी, आता बास करा," बाबा त्या सकाळीही म्हणाले.

"बहिणीने पढवून पाठवलंय वाटतं?" दाजी हसले. "घरी बसून काय माशा मारू?"

टप्पा सुरू झाला.

पहिले सहा किलोमीटर झकास गेले.

मग बाबांनी वाचलं, "ऐंशी मीटर, डावीकडे तीव्र..."

दाजींनी ब्रेक दाबला. मागचं चाक कडेच्या दगडाला घासून गेलं.

आणि हेडफोनमध्ये कुणीतरी म्हणालं...

"उशीर."

बाबांना वाटलं दाजीच बोलले. दाजींना वाटलं बाबा बोलले.

पुढचं वळण.

"उशीर."

या वेळी आवाज अगदी कानाजवळून आला. शांत. थकलेला.

दाजींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तो आवाज ओळखला होता.

"दाजी, थांबवा गाडी!"

"थांबत नाहीये रे!" दाजी ओरडले. "पाय उचलता येत नाहीये!"

काटा एकशे दहावर गेला. दोन्ही बाजूंनी झाडं सपासप मागे पळत होती.

मग बाबांनी दाजींचा उजवा हात पाहिला.

स्टिअरिंगवर मूठ घट्ट आवळलेली. त्यातली करंगळी... आपोआप सुटी झाली. जणू कुणीतरी चिमटीत धरून उचलली. ती हळूहळू मागे वाकू लागली. मागे... आणखी मागे...

कट्!

इंजिनच्या गोंगाटातही बाबांना तो आवाज ऐकू आला.

दाजी गुरासारखे किंचाळले. करंगळी तळहाताच्या मागच्या बाजूला टेकली होती.

"उशीर."

मग अनामिका.

कट्!

हाड हातमोजा फाडून बाहेर आलं. रक्ताची चिळकांडी बाबांच्या वहीवर उडाली. बाबांनी त्या बोटांवर झडप घातली. तिथे काहीच नव्हतं... पण त्यांचा हात कशाला तरी अडला. बर्फासारखं गार. आणि विलक्षण ताकदीचं.

मधलं बोट वाकू लागलं.

"सोड रे! सोड!" दाजी रडत होते. "सांगतो! ब्रेक फेल नव्हते झाले! माझाच पाय उशिरा पडला! मला दिसलंच नाही वळण! मी तेव्हाच थांबायला हवं होतं रे!"

कट्!

आणि सगळं सुटलं. पाय, हात, सगळं.

बाबांनी हँडब्रेक ओढला. गाडी गर्रकन फिरली, चरात गेली आणि दाजींच्या बाजूने झाडावर आपटली. दार आत घुसलं. काच दोघांच्या तोंडावर फुटली. बाबांच्या दोन बरगड्या मोडल्या, दाजींच्या मांडीचं हाड.

इस्पितळात डॉक्टरांनी बोटांचे एक्स-रे दोनदा काढले.

"हे अपघातातलं नाही. कुणी मारहाण केली का यांना?"

 

दाजींनी रॅली सोडली. कुबड्यांवर चालता येऊ लागल्यावर ते पहिल्यांदा गेले ते त्या दोस्ताच्या बायकोकडे. बाबा सोबत होते. दाजींचा हात बोटांच्या टोकांपर्यंत बँडेजमध्ये गुंडाळलेला. आत काय मोडलंय, हे घरच्यांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

"वहिनी, माझी चूक होती," दाजी म्हणाले. "मी खोटं बोललो."

ती बाई दारातच उभी होती. रडली नाही, चिडली नाही. तिने फक्त त्या हाताकडे पाहिलं.

"तीनच?" तिने विचारलं.

आणि दार लावून घेतलं.

बाबा ते दार आजही विसरलेले नाहीत.

गेल्या महिन्यात दाजी आमच्याकडे आले होते. उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते. चहाचा कपही त्यांनी डाव्या हातानेच घेतला. राहवलं नाही म्हणून मी कारण विचारलं.

त्यांनी हात मांडीखाली आणखी दाबला. मग हळूच म्हणाले,

"तर्जनी धरलीय रे कुणीतरी... अजून वाकवलेली नाही."