दरवेध

नागपूरच्या भूगर्भ संशोधन केंद्रातलं शेवटचं कंपनयंत्र बंद झालं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. त्याची कळ ओवी निखाडेनं स्वतःच्या हातानं दाबली. सोळा वर्षं तिनं या यंत्राच्या जोरावर जमिनीखालचं पाणी आणि मँगनीज शोधलं होतं. जमिनीला हादरा द्यायचा, आजूबाजूला पेरलेल्या भूकर्णांनी परतणाऱ्या लहरी टिपायच्या आणि एक फूटही न खणता सांगायचं, की इतक्या खोलीवर असा असा दगड आहे. आता ते काम उपग्रह करू लागले होते. केंद्रातल्या अडतीस जणांना एकाच दिवशी नारळ मिळाला.

"सामूहिक आरोग्यविमा अजून एकवीस दिवस चालेल, मॅडम," कागद हातात देताना अधिकारी म्हणाला. "पुढची सोय तुम्हालाच बघावी लागेल."

सन २०६१मध्ये विम्याशिवाय दवाखान्याची पायरी चढणं कुणालाच परवडत नव्हतं. ओवीच्या घरात माणसं चार. नवरा तन्मय एका शाळेत कंत्राटी शिक्षक होता, त्याला मधुमेह होता. सासरे, म्हणजे मामाजी, चौऱ्याहत्तर वर्षांचे. त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झालेली. मुलगी कैरवी अकरा वर्षांची, दिवसभर खो-खोच्या मैदानावर. आणि ओवी स्वतः, जिनं सोळा वर्षांत आजारपणाची एकही रजा घेतली नव्हती.

त्या संध्याकाळी तिनं सप्तधारा विमा कंपनीकडे चौघांसाठी दरपत्रक मागितलं. पडद्यावर आकडा उमटला आणि तन्मयनं चष्मा काढून पुसला. वर्षाचा हप्ता त्याच्या आठ महिन्यांच्या पगाराएवढा होता.

"मले वगळ त्याच्यातून," मामाजी शांतपणे म्हणाले. "हा सगळा माह्या हृदयाचा भाव हाय. तुमी तिघं घ्या."

"असं काही नसतं, मामाजी," ओवी म्हणाली. पण ते ऐकेनात, म्हणून त्यांची समजूत पटावी एवढ्यासाठी तिनं त्यांचं नाव काढून पुन्हा दर मागितला.

हप्ता जेमतेम विसातला एक भाग उतरला.

मामाजींना बरं वाटलं, तन्मय अधिकच गोंधळला. ओवी मात्र खुर्चीत पुढे सरकून बसली. खडक असेल असं वाटलं तिथून पोकळ आवाज आला, की ती नेमकी अशीच सावरून बसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं नचिकेत डहाकेला गाठलं. तो तिचा कॉलेजातला वर्गमित्र आणि सप्तधाराचा विमागणिती. कोणाकडून किती हप्ता घ्यायचा हे ठरवणारं सूत्र त्याच्याच हाताखाली तयार होत असे.

"आमचा दर तुझ्या वयावर नसतो, ओवी," कँटीनमध्ये चहा ढवळत तो म्हणाला. "तो तुझ्या देहछायेवर असतो. दर वर्षी आरोग्य केंद्रात तुझं रक्त, तुझा श्वास, तुझी चाल मोजतात ना? त्यावरून संगणकात तुझ्या शरीराची हुबेहूब प्रतिकृती उभी राहते. ती आम्ही दहा वर्षं पुढे चालवून बघतो. कुठला अवयव कधी बिघडेल, उपचाराला किती खर्च येईल, ते ती सांगते. शंभरातली सत्त्याण्णव भाकितं खरी ठरतात."

"मग माझ्या घरात कुणाचं काय बिघडणार आहे, ते तुला ठाऊक आहे?"

"यंत्राला ठाऊक आहे. मला बघता येत नाही आणि तुलाही नाही. सुरुवातीला लोकांना भाकितं दाखवली, तेव्हा इतकी घबराट उडाली, की कायद्यानं ती मोहोरबंद केली. आम्ही फक्त दर सांगतो. कारण सांगत नाही."

"दर किती वेळा विचारता येतो?"

"कितीही वेळा. फुकट. ग्राहकाचा हक्कच आहे तो. कुणाला वगळून विचार, एखादा अवयव वगळून विचार, फक्त तिसऱ्या वर्षापुरतं संरक्षण माग. प्रत्येक वेळी वेगळा दर मिळेल." तो हसला. "तुझ्या डोक्यात काय चाललंय ते कळतंय मला. दरांची वजाबाकी करून रोग शोधायचा. आम्ही एवढे भोळे नाही. प्रत्येक दरात आम्ही मुद्दाम गोंगाट मिसळतो. तोच प्रश्न दोनदा विचारलास तर दोन उत्तरं येतील, थोडी वर, थोडी खाली. एकेका अवयवाचा फरक त्या गोंगाटात बुडून जातो. नियमावलीत छापलंय तसं."

ओवीचा चहा तसाच राहिला होता.

"नचिकेत, खापरखेड्याच्या वीजकेंद्राशेजारी आम्ही पाणी शोधलं होतं. आजूबाजूला ट्रकच ट्रक. एका हादऱ्याचा प्रतिध्वनी ऐकूच यायचा नाही. मग आम्ही काय केलं असेल?"

"काय?"

"त्याच जागी तोच हादरा हजार वेळा दिला आणि सगळी उत्तरं एकावर एक रचली. गोंगाट कधी वर असतो, कधी खाली. तो आपसात कटतो. खडकाचं उत्तर मात्र दर वेळी तेच असतं, ते साठत जातं."

नचिकेतनं चमचा बशीत ठेवला. मग हळूच म्हणाला, "हे बेकायदा नाही. मला सुचायला हवं होतं."

घरी परतताना ओवी जवळजवळ धावतच होती. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदाच तिला भूक लागली होती. दोन दिवस खपून तिनं आपली जुनी लहरगणिताची आज्ञावली विम्याला जुळवून घेतली. प्रत्येक दरपत्रक म्हणजे एक हादरा. माणसं चार, अवयव बावीस, वर्षं दहा. प्रत्येक प्रश्न हजार वेळा.

रविवारी सकाळी कैरवी सरावाला गेली होती. ओवी आणि तन्मय जेवणाच्या टेबलाशी बसले, मामाजी पलीकडे वर्तमानपत्र उघडून, पण कान इकडेच ठेवून. आधी तन्मयला वगळून विचारलं. सरासरी स्थिरावली. हप्ता थोडासाच उतरला होता.

"म्हणजे मी नाही," तन्मय म्हणाला. आणि पुढचा प्रश्न कोणता हे ध्यानात येताच त्यानं ओवीचं मनगट धरलं. "कैरवीला वगळून नको विचारूस."

"विचारायला हवं."

"मला नाही बघवणार."

"मग मी बघते. तू माझ्याकडे बघ."

हजार उत्तरं यायला चार मिनिटं लागली. पडद्यावरची रेघ आधी थरथरली, मग शांत होत गेली आणि होती तिथेच थांबली. कैरवीला वगळून काहीच फरक पडत नव्हता. तन्मयनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ओवी हसत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. एवढं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मग तन्मयचा चेहरा उतरला, कारण उरलं होतं एकच नाव.

ओवीला वगळल्यावर रेघ अशी कोसळली, की हजार उत्तरांची वाट बघावीच लागली नाही. पण ओवी थांबली नाही. भीती होतीच. हात मात्र कामाला लागले. एकेक अवयव वगळत गेली. हृदय वगळलं, काही नाही. यकृत, काही नाही. फुप्फुसं, काही नाही. अकरावं नाव मूत्रपिंडाचं होतं. रेघ खाली आली. मग वर्ष. पहिलं नाही, दुसरं नाही. खर्चाचा डोंगर तिसऱ्या वर्षापासून उभा राहत होता.

"सापडलं," ती म्हणाली. तिचा आवाज खणखणीत होता.

"काय सापडलं, बेटा?" मामाजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"मूत्रपिंडात काहीतरी आहे, मामाजी. आज लहान असणार. आणि जुना विमा अजून सोळा दिवस चालू आहे."

डॉ. साकोरेंना हे पटवणं सोपं नव्हतं. लक्षण एकही नाही, रक्त-लघवी ठीक, आणि समोरची बाई एका आलेखाचा कागद पुढे करतेय. "हा कुठल्या तपासणीचा आलेख आहे?" त्यांनी विचारलं.

"विम्याच्या दरांचा."

डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, "झोपा टेबलवर. सोनोग्राफीनं कुणाचं काही बिघडत नाही."

डाव्या मूत्रपिंडाच्या कडेला वाटाण्याएवढी गाठ होती. डॉ. साकोरेंनी ती तीन वेळा मोजली, सी. टी. स्कॅन करून घेतला आणि कागद पुन्हा मागून घेतला. "ही आणखी तीन वर्षांनी सापडली असती तर मूत्रपिंड गेलं असतं. कदाचित तेवढ्यावर भागलंही नसतं," त्या म्हणाल्या. "आता एवढीशी काढून टाकू."

शस्त्रक्रिया झाली तेव्हा जुन्या विम्याचे पाच दिवस उरले होते. आरोग्य केंद्रात नव्यानं मोजणी झाली, नवी देहछाया उभी राहिली, आणि बिछान्यात उशीला टेकून ओवीनं चौघांसाठी पुन्हा दर मागितला. तन्मयचा जेमतेम एका महिन्याचा पगार. त्यानं आकडा मोठ्यानं वाचला, मग मामाजींनी वाचला, मग कैरवीनं आजोबांना तो परत वाचून दाखवला.

केंद्रातल्या बाकीच्या सदतीस जणांचीही विम्यासाठी धावाधाव चालू होती. ओवीनं आज्ञावलीला 'दरवेध' असं नाव दिलं आणि ती त्या सगळ्यांना पाठवली. पहिल्याच आठवड्यात दोघांच्या हृदयाच्या धमन्यांतला आणि एकीच्या स्वादुपिंडातला बिघाड वेळेत सापडला. त्यांनी नातेवाइकांना पाठवली, नातेवाइकांनी शेजाऱ्यांना. महिन्याभरात दरवेध अमरावती, नांदेड, कोल्हापूरपर्यंत गेला. ओवी आणि तिचे तीन सहकारी दिवसभर फोनवर असत. पुढे सार्वजनिक आरोग्य खात्यानं चौघांनाही याच कामावर नेमलं. दर मागण्याचा हक्क काढून घ्या, असं विमा कंपन्यांनी सरकारला सांगून पाहिलं. पण ज्यांच्या घरचं माणूस वाचलं होतं त्यांची मतं आता लाखांत होती.

दीड वर्षानं एका दुपारी नचिकेत ओवीच्या कार्यालयात आला. दमलेला दिसत होता, पण डोळे चमकत होते.

"आमचं यंत्र बिघडलं," तो म्हणाला.

"कसं?"

"सगळं सुरळीत चालतंय आणि तरी चुकतंय. शंभरातल्या सत्त्याण्णव खऱ्या भाकितांवरून एकतीसवर आलोय. ज्याला मोठा रोग होणार म्हणून यंत्र सांगतं, तो दरवेध लावतो, उपचार करून घेतो आणि ठणठणीत होतो. ज्यांच्या बाबतीत यंत्र काहीच बोलत नाही, त्यातला कोणी गच्चीवरून पडतो, कुणाला नवाच ताप येतो. देहछाया शिकली कुणावरून? ज्यांना आपलं भाकीत ठाऊक नव्हतं अशा लोकांवरून. तशी माणसं आता उरलीच नाहीत."

ओवी हळूहळू उठून उभी राहिली. पुढचं पाऊल तिला दिसू लागलं होतं. "म्हणजे जे आधी कळतं ते टळतं. आणि जे टळत नाही..."

"ते कुणावर येणार, हे कुणालाच सांगता येत नाही. आम्हालाही नाही. मग तुझा दर वेगळा आणि माझा वेगळा लावायचा कशाच्या आधारावर? काल संचालकांपुढे सहा तास बसलो होतो. गणितातून एकच मार्ग निघतो. सगळ्यांकडून सारखा हप्ता घ्यायचा, थोडा थोडा. आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून द्यायचं. आजवरच्या सरासरी दरापेक्षा तो कमी येतोय. पुढच्या महिन्यापासून लागू."

"संचालक काय म्हणाले?"

"विचारत होते, या नव्या योजनेला नाव काय द्यायचं." नचिकेत खुर्चीत टेकला आणि मनापासून हसला. "मी म्हटलं, नाव आहे तिला. पूर्वी लोक यालाच विमा म्हणायचे."