मनोऱ्यावरची अर्धी उडी

त्या दिवशी सकाळी मी वॉर्डात आईला डबा आणि ताईचा कंगवा पोचवला आणि तसाच कामावर गेलो. ताई झोपलीय, असं म्हणायची आमच्या घरात सवय पडली होती. खरं तर ती झोपलेली नव्हती आणि जागीही नव्हती. तोंडात नळी, उशाशी श्वास देणारं यंत्र. ते यंत्र दर श्वासाला असा लांब उसासा टाकायचं की ताईपेक्षा तेच जास्त थकलंय असं वाटावं. डॉक्टर म्हणाले होते, "सोमवारपर्यंत वाट बघू. मग तुम्हाला काहीतरी ठरवावं लागेल." काय ठरवायचं ते आईने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. न विचारताच दोघांना कळलं होतं.

माझं काम सांगितलं तर हसाल. मी पगार घेऊन मरतो. व्हिडिओ गेम बाजारात जाण्याआधी तो खेळून खेळून त्यातल्या चुका काढणारी माणसं असतात, त्यातला मी एक. आमचा गेम बंदुकीचा. त्यातली नायिका तुम्हाला दिसत नाही, कारण तुम्ही तिच्याच डोळ्यांनी बघत असता. समोर दिसतात ते तिचे दोन हात, त्यातली बंदूक, आणि खाली बघितलंत तर पाय. ती भिंतींवरून धावते, कोलांट्या घेत या छपरावरून त्या छपरावर जाते, आणि ऐन उडीत एक बटण दाबून धरलं की जग संथ होतं. गोळ्या मुंग्यांसारख्या रांगत येतात. बटण सोडलं की सगळं पुन्हा धावायला लागतं. खेळणाऱ्याला हा संथपणा दोन-चार क्षणच मिळतो. आम्हा तपासणाऱ्यांना मात्र बोट दुखेपर्यंत.

ते हात ताईचे होते. ताई कसरती करणारी, लहानपणापासून माकडासारखी दोऱ्यांवर लोंबकळणारी. मला ती ठोंब्या म्हणायची, तिचं ऐकून आईही, कारण मला साधी कोलांटी येत नसे. कंपनीला उड्या मारणारं माणूस हवं होतं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात तिचं नाव सुचवलं. अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख, त्यावर जागोजागी पांढरे ठिपके, आणि हॉलभर कॅमेरे. ती उडी मारायची, कॅमेरे ठिपके टिपायचे, आणि तिची हालचाल जशीच्या तशी नायिकेच्या अंगात जायची. शेवटच्या दिवशी मनोऱ्यावरची उडी होती. ताई उंच माचीवरून सुटली आणि कमरेची दोरी हुकातून निसटली. खाली गादी होती, पण ती पडली तिथे नव्हती.

ती उडी कंपनीने ठेवून घेतली. "अशी उडी पुन्हा मिळायची नाही," असं साहेब म्हणाले, आणि ते बोलताना त्यांना काही वाटलंही नाही. टिपलेल्या हालचाली स्वच्छ करणारा आमचा एक सहकारी होता, त्याला सगळे चाळणी म्हणत. त्याने उडीचा सुरुवातीचा भाग ठेवला आणि दोरी सुटल्यापासूनचा कापला. उतरणं अजून जोडायचं राहिलं होतं, म्हणून मनोऱ्यावरून झेप घेतली की अर्ध्यात पडदा काळा व्हायचा.

ती जागा मी टाळत आलो होतो. त्या दिवशी ती माझ्याच वाट्याला आली.

आमच्या तपासणीच्या खोलीला खिडक्या आहेत, पण पडद्यावर उजेड पडू नये म्हणून त्यांना काळा कागद चिकटवलेला. बाहेर भर दुपार असली तरी आत कायम तीच वेळ. तापलेल्या तारांचा वास, आणि पंख्यांची बारीक घरघर. मी हेडफोन चढवला, मनोऱ्याच्या कठड्यापर्यंत धावलो आणि झेप घेतली. घेताक्षणी बटण दाबून धरलं.

जग संथ झालं. हात डोळ्यांसमोर आले. अंगठा मुठीत दडपलेला, ही ताईची खोड. मला भरून आलं, म्हणून मी बटण सोडलं नाही. आणि मग उजवा हात बंदुकीवरून सुटला. अगदी सावकाश तो खाली कमरेकडे गेला आणि चाचपडायला लागला. बोटं काहीतरी शोधत होती. मिटत होती, उघडत होती, पुन्हा मिटत होती. हेडफोनमध्ये श्वास ऐकू येत होता, लांबलेला, ओलसर... तो गेममधला श्वास नव्हता. गेममधला मी हजारदा ऐकलाय.

माझं बोट घसरलं. पडदा काळा झाला.

मी चाळणीकडे गेलो. "उडीत तिचा हात कमरेकडे जातो, तो का ठेवलास?"

"तो कापलाय मी," तो म्हणाला.

"मला दिसला."

त्याने त्याच्या पडद्यावर उडी पुढे-मागे करून दाखवली. दोन्ही हात बंदुकीवर. "बघ. नाहीये."

तेवढ्यात आईचा फोन आला. ती कुजबुजत होती. "अरे, आत्ता हिचा हात हलला. उजवा. कमरेपाशी काहीतरी शोधत होती बघ... मग एकदम पडला."

मी धावत जागेवर आलो. "आई, फोन ठेवू नकोस. तिच्या हाताकडे बघत राहा." मी झेप घेतली आणि बटण दाबलं. पडद्यावर हात कमरेकडे निघाला.

"हलला," आई म्हणाली. "हलला रे..."

मी बटण सोडलं.

"पडला."

मला आशा वाटायला लागली, आणि आशेसारखी वाईट गोष्ट नाही. माझ्या डोक्यात एकच बसलं. ताई अजून खाली आलेली नाही. ती त्या उडीत आहे, आणि तिला उतरायला जागा नाही. डॉक्टरांकडे सोमवार होता. माझ्याकडे चाळणी होता.

मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "सरावाच्या दिवशीचं तिचं एक उतरणं आहे माझ्याकडे. सुरेख आहे. पण त्यात ती उजव्या पायावर येते आणि इथे डावा हवा. उलटवून लावावं लागेल."

"म्हणजे?"

"आरशात दिसतं तसं. उजव्याचं डावं. आम्ही रोज करतो, कुणाला पत्ताही लागत नाही."

"लाव," मी म्हणालो. बुडत्याला काडीचा आधार, तिथे काडी उलटी आहे की सुलटी हे कोण बघतो.

त्याने लावलं. मी झेप घेतली, आणि या वेळी बटणाला हातही लावला नाही. खालची गच्ची झपकन वर आली, पाय टेकले, गुडघे वाकले, दोन्ही तळवे जमिनीवर. स्वच्छ उतरणं. हेडफोनमध्ये कुणीतरी श्वास सोडला. फोन वाजायच्या आधीच मी रडत होतो.

"उठली रे," आई म्हणत होती. "डोळे उघडले. माझ्याकडे बघतेय..."

आमच्या जिवात जीव आला. डॉक्टरांनी अशा वेळी म्हणायचं ते सगळं म्हटलं आणि आईने त्यांचा हात धरून पोटभर रडून घेतलं. ताई हळूहळू उठून बसली, बोलली, चालली, घरी आली. आता यात भिण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तेच म्हणत होतो.

घरी आल्यावर पाण्याचा पेला तिने डाव्या हाताने घेतला. आजारपणात उजवा हात अशक्त झाला असेल, आई म्हणाली. मग आई तिचे केस विंचरायला बसली आणि बराच वेळ भांगाशी झटत राहिली. भांग नेहमीच्या जागी बसेना. ताईच्या टाळूवरचा भोवरा दुसऱ्या बाजूला होता. आईने कंगवा ठेवला, पुन्हा उचलला, आणि केस जसे पडत होते तसा भांग काढला. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी ठोके ऐकायची नळी छातीला लावली, थांबले, आणि ती उजवीकडे सरकवली. "काही जणांचं हृदय जन्मतःच या बाजूला असतं," ते म्हणाले. "आधी आमच्याकडून नोंदवायचं राहिलं असेल." आईने मान डोलावली. तिला पोरगी परत मिळाली होती, ती कशाला वाद घालेल?

ताई शांत झाली होती, प्रेमळ झाली होती. आवाज चढवत नव्हती, वस्तू जागच्या जागी ठेवत होती. आम्ही कधी मागितली नसती इतकी गुणी. फक्त मला ती एकदाही ठोंब्या म्हणाली नाही. मी मुद्दाम तिच्यासमोर पेला सांडला, तरी नाही. तिने फडकं आणून पुसून घेतलं.

मी चाळणीला भेटलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कीबोर्डवरची धूळ फुंकली. "मी उतरणं जोडलं ते सरावाच्या दिवसाचं," तो म्हणाला. "ते जिचं होतं, ती उतरली असेल. पण उडी तर शेवटच्या दिवसाची आहे ना... ती मी पुरी केलीच नाही."

उतरणं जोडण्याआधीची गेमची जुनी प्रत माझ्या घरच्या संगणकात होती. एका रविवारी दुपारी आई स्वयंपाकघरात होती, ताई बाहेरच्या खोलीत. मी दार लोटलं आणि हेडफोन कानांना न लावता गळ्यात अडकवला, कारण खरं सांगायचं तर धीर होत नव्हता. मनोऱ्याच्या कठड्यावरून झेप घेतली. बटण दाबलं.

हात या वेळी कमरेकडे गेला नाही. तो समोर आला. तळवा पडद्याकडे, बोटं ताणलेली, जणू काचेपलीकडे कुणी उभं आहे हे तिला कळलं होतं. गळ्यातल्या हेडफोनमधून आवाज आला, ताणलेला, विहिरीच्या तळातून यावा तसा.

"ठों... ब्या... दो... री..."

मी बटण दाबून धरलं. सोडलं की ती पडणार, एवढं मला कळत होतं. त्यापलीकडे काय करायचं ते कळत नव्हतं. दोरी कुठून आणू? अंगठा बधिर झाला तसा मी दुसऱ्या हाताने तो जागच्या जागी दाबला.

मागे दार उघडल्याचं ऐकूच आलं नाही. ताई दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काळजी होती, माझी काळजी.

"सोड ते बटण," ती म्हणाली.

"ती... अजून वर आहे."

"माहीत आहे." ती जवळ आली, माझ्या खांद्यावर डावा हात ठेवला. हात ऊबदार होता. "किती दिवस धरशील? सोड. तिला पडू दे. मग आईला काही कळायचं नाही."

मी मान हलवली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. पडद्यावरचा तळवा तसाच ताणलेला होता. खांद्यावरची बोटं हळूहळू माझ्या दंडावरून खाली, मनगटाकडे निघाली.

स्वयंपाकघरातून आईने हाक मारली. "ताटं वाढलीत गं. ये बाई लवकर, ठोंब्यालाही घेऊन ये."

बोटं मनगटावर थांबली.

गळ्यातल्या हेडफोनमधून उत्तर आलं, घरभर ऐकू जाईल इतकं मोठं.

"आ... ले... गं... आई..."

आणि स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला.