ऑलरेडी निघालोय

नव्या मेकॅनिकला मी पहिल्यांदाच फोन लावला होता.

"कुठे आहात?"

"घरीच. एक मोजा सापडत नाहीये."

वॉशिंग मशीनच्या या सर्व्हिस सेंटरमध्ये फोन मीच घेते, त्यामुळे 'ऑलरेडी' हा शब्द मला पाठ आहे. 'ऑलरेडी निघालोय' म्हणजे अंघोळ व्हायचीये. 'ऑलरेडी पोचलोय' म्हणजे आत्ता कुठे निघालाय. गिऱ्हाइकानं 'ऑलरेडी बंद-चालू करून बघितलं' म्हटलं, की समजायचं, बटणाला हातही लावलेला नाही. आणि हा चक्क मोजा शोधत होता!

ऑफिसात त्याचं नाव हरिश्चंद्र पडलं. संध्याकाळी तो जुने पार्ट जमा करायला माझ्या टेबलाशी यायचा.

"सकाळी चिडला होतात?"

"मग काय!"

"चिडल्यावर आवाज छान लागतो तुमचा."

"म्हणून रोज उशीर करणार?"

"नाही... वेळेवर येऊन चिडवता येतं का, बघतोय."

मला हसू आवरेना. असे दोन-तीन महिने गेले. तो मला आवडायला लागला होता, सरळ सांगते.

मग आत्यानं माझ्यासाठी एक मुलगा शोधला. रविवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. मी हरिश्चंद्रला सांगितलं. तो हातातला पाइप उगाचच पुसत राहिला.

"नाही म्हणा."

"कुणाच्या भरवशावर?"

"माझ्या."

"आणि तुमच्या घरी?"

"आईला ऑलरेडी सांगितलंय."

हाही त्यातलाच निघाला!

"म्हणजे अजून सांगायचंय," मी म्हटलं. "पुरे झालं. जा, कामाला लागा."

"अहो, खरंच—"

मी दुसरा फोन उचलला. तो गेल्यावर डोळे पुसले.

शनिवारी सकाळी पहिलाच फोन एका बाईंचा.

"बोला, मशीनला काय झालंय?"

"मशीन ठणठणीत आहे. पोरगा काल जेवला नाही माझा. तूच ना ती? अगं, महिनाभर तुझंच पुराण ऐकतेय मी, आणि तू त्याला खोटारडा ठरवलंस?"

मी खुर्चीतून ताडकन उठले.

"इथेच उभा आहे, तोंड पाडून. बोलतेस?"

"द्या ना..."

फोन त्याच्याकडे गेला. मीच धीर केला.

"चुकलं माझं. मला तुम्हीच हवे आहात. आत्याला आत्ताच 'नाही' म्हणून कळवते... ऐकताय ना?"

"ऐकतोय," तो हळूच म्हणाला. "पण... स्पीकरवर आहे. आई रडतेय."